समुद्राचे पाणी दारात : उभ्या इमारतींना पूर-रोधक बसवण्यापूर्वी

व्यापाराचे नुकसान उधारीने होते तसे पाण्यानेही होते. उधारीची वही आपण रोज उघडतो. पाण्याचा हिशोब मात्र दुकानात पाणी शिरल्यानंतरच मांडला जातो. आम्ही कापडवाले हे चांगले जाणतो. गटाराचे पाणी मिसळलेल्या पुरात भिजलेला तागा धुऊन, वाळवून, पुन्हा घडी घालून ठेवला तरी त्याला पहिला भाव येत नाही. समुद्रकाठच्या जुन्या इमारतींना पाणी अडवणारी फाटके आणि फळ्या बसवण्याचे काम अमेरिकेत गेल्या काही वर्षांत बरेच वाढले आहे. त्याची माहिती आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना व्हावी, या हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे.

तिकडे ज्या इमारतींना कॉन्डोमिनियम म्हणतात, त्यांत प्रत्येक घर वेगळ्या मालकाचे असते आणि जमीन, पाया, जिने, लिफ्ट, गच्ची ही सर्वांची सामायिक मालमत्ता असते. महाराष्ट्राच्या १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्यातही हाच शब्द आलेला आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अशा जुन्या इमारती पुष्कळ आहेत. काहींच्या तळमजल्यावर दुकाने आहेत, काहींच्या तळघरात मोटारी उभ्या असतात. एखादे लहान लाकडी घर जॅक लावून वर उचलता येते आणि खांबांवर ठेवता येते. वीस मजली इमारत उचलता येत नाही. म्हणून ती आहे त्या जागी, आहे त्या उंचीवर राखावी लागते.

येथेच एक गैरसमज होतो. बाजारातून पूर-रोधक फळी आणली की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. फळी हा बंदोबस्ताचा केवळ एक हिस्सा आहे. भिंत, गटार, वीज, पंप, माणसे आणि पैसा यांची तजवीज नसेल तर महागातली फळीही उपयोगी पडत नाही. ही तजवीज कशी करायची ते आता क्रमाने पाहू.

पाणी का चढते?

चक्रीवादळात समुद्राचे पाणी किनाऱ्यावर चढते, त्याला आपण वादळी भरती म्हणू. वाऱ्याचा जोर पाण्याला किनाऱ्याकडे ढकलत राहतो. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, त्यामुळेही पाणी थोडे वर येते. दाब १ मिलिबारने उतरला तर सुमारे १ सेंटिमीटर. पण मुख्य काम वाऱ्याचे. समुद्रतळ दूरवर उथळ असेल तर ढकललेल्या पाण्याला खाली परत जायला वाव मिळत नाही आणि ते जमिनीवर येते. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा असाच उथळ आहे. त्यातच नेहमीच्या भरतीची वेळ जुळली तर पाणी आणखी वाढते.

वादळ कोठे धडकते यावरही बरेच अवलंबून आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन वादळ फ्लोरिडाच्या उत्तर भागात धडकले. त्याचे केंद्र टांपा शहरापासून दूर समुद्रातून गेले, तरी टांपाच्या खाडीकाठी घरोघर पाणी शिरले. पुढे दोनच आठवड्यांत, ९ ऑक्टोबरला, मिल्टन वादळ टांपाच्या दक्षिणेला धडकले. तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, म्हणून टांपाच्या खाडीतले पाणी उलट बाहेर ओढले गेले. एकाच गावाला दोन वादळांत दोन वेगळे अनुभव आले. तेव्हा मागच्या वादळात पाणी आले नाही, म्हणून पुढच्या वादळातही येणार नाही, हा हिशोब धोक्याचा आहे.

न्यूयॉर्कचा धडा

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळाने न्यूयॉर्कला गाठले. पौर्णिमेची मोठी भरती आणि वादळ यांची वेळ जुळली. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला बॅटरी येथील मापकावर पाणी ओहोटीच्या सरासरी पातळीपासून सुमारे १४ फूट चढले. शहरात ४३ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे १९ अब्ज डॉलर्सचे नुकसान झाले.

त्या रात्री ज्या गोष्टीने उंच इमारती निकामी झाल्या ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाणी फक्त तळघरात आणि तळमजल्यावर शिरले होते. वरच्या घरांत थेंबही नव्हता. पण विजेचे पॅनेल, पाणी चढवणारे पंप, बॉयलर आणि इंधनाच्या टाक्या तळघरातच होत्या. त्यामुळे वरचे मजले कोरडे असूनही राहण्यालायक उरले नाहीत. बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुखरूप होते, परंतु त्यांना इंधन पुरवणारे पंप तळघरात होते आणि ते बुडाले. शेवटी रुग्णांना बाहेर काढावे लागले.

म्हणून या कामातले जाणकार पहिला सल्ला देतात तो फळीचा नसतोच. विजेचे पॅनेल, मीटर, जनरेटर आणि त्याचे इंधन हे सर्व पुराच्या पातळीच्या वर नेता येईल का, हे आधी पाहावे. यंत्रे वर गेली तर पाणी शिरूनही इमारत लवकर सावरते.

रोधकांचे प्रकार

पूर-रोधकांचे मुख्य प्रकार असे सांगता येतील.

पहिला, दारात बसवायच्या फळ्या. दाराच्या दोन्ही बाजूंना खाचांचे खांब पक्के बसवलेले असतात. वादळाची सूचना आली की अॅल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक सरकवतात आणि वरून घट्ट दाबतात. फळ्यांच्या सांध्यांत व तळाशी रबराची पट्टी असते. आपल्याकडे काही दुकानदार पावसाळ्यात उंबऱ्यावर लाकडी फळी लावतात, त्याचेच हे सुधारलेले रूप.

दुसरा, बिजागरीवर किंवा रुळावर चालणारी पोलादी फाटके. ती मोटारींच्या उतारासाठी वापरतात. महाग पडतात, पण लावायला वेळ कमी लागतो.

तिसरा, आपोआप उभे राहणारे रोधक. ते जमिनीत आडवे झोपलेले असतात. पाणी आले की खालच्या खड्ड्यात भरते आणि पाण्याच्याच जोराने रोधक तरंगत उभा राहतो. त्याला वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पण त्या खड्ड्यात वाळू-कचरा साचू दिला तर ऐन वेळी तो अडकून बसतो.

चौथा, इमारतीभोवती तात्पुरती उभारायची घडीची भिंत. तिचा एक भाग जमिनीवर आडवा आणि एक उभा असतो. आडव्या भागावर पाण्याचे वजन पडले की तेच वजन भिंतीला जागेवर धरून ठेवते. टांपा जनरल रुग्णालयाने हेलीन वादळात अशीच भिंत उभारली होती. बाहेर पाणी होते, आत रुग्णालयाचे काम चालू होते.

वाळूच्या गोण्या हा जुना उपाय सर्वांना माहीत आहे. थोडे पाणी, थोडा वेळ, यापुरता तो ठीक आहे.

रोधक घेताना त्याची चाचणी झाली आहे का, हे विचारावे. अमेरिकेत यासाठी एफएम अॅप्रूव्हल्सचे २५१० क्रमांकाचे मानक चालते. पाण्यात उभे करून, लाटा सोडून आणि लाकडाचा ओंडका आदळून हे रोधक तपासतात.

पाण्याचे वजन

फळी किती उंच घ्यावी? पुष्कळांना वाटते, जेवढी उंच तेवढी चांगली. येथे थोडे गणित पाहिले पाहिजे.

भिंतीच्या १ मीटर रुंदीवर १ मीटर उंच पाणी टेकले तर त्याचा दाब सुमारे ५०० किलो असतो. पाणी २ मीटर झाले तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सुमारे २ टन. ३ मीटर झाले तर साडेचार टन. तीन मीटर रुंदीच्या दुकानाच्या शटरवर केवळ १ मीटर पाणी टेकले तरी दीड टनाचा रेटा बसतो. हा झाला स्थिर पाण्याचा हिशोब. लाटांचा मार आणि वाहत येणारी लाकडे, मोटारी, होड्या यांचे धक्के वेगळे.

हा सगळा भार फळी स्वतः पेलत नाही. ती तो बाजूच्या खांबावर टाकते आणि खांब भिंतीवर टाकतो. भिंत पोकळ ठोकळ्यांची किंवा पातळ असेल तर फळी शाबूत राहते आणि भिंत कोसळते. म्हणून सर्वसाधारण भिंतींवर सुमारे ३ फुटांपेक्षा अधिक पाणी अडवू नये, अडवायचे असेल तर इंजिनियरकडून भिंतीची खास रचना करून घ्यावी, असा तिकडचा नियम आहे. २८ सप्टेंबर २०२२च्या ईयन वादळात फोर्ट मायर्स बीच येथे जमिनीवर १० ते १५ फूट पाणी आले. तेवढ्या पाण्यापुढे दाराची फळी काहीच करू शकत नाही. रोधक मध्यम पुरासाठी आहे, हे बसवणाऱ्याने आणि बसवून घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे.

पाणी खालूनही दाबते. तळघराच्या फरशीपासून भोवतालचे पाणी १ मीटर वर असेल तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १ टनाचा रेटा वरच्या दिशेने बसतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तळघर आणि २ मीटर पाणी असा हिशोब केला तर तो रेटा २०० टन होतो. वर पुरेसे वजन नसेल तर फरशी फुगून फुटते. अशा वेळी तळघर कोरडे ठेवण्याच्या हट्टापेक्षा ठरवून पाणी आत येऊ देणे आणि नंतर हळूहळू उपसणे अधिक शहाणपणाचे ठरते. उपसताना घाई केली तर आतली बाजू रिकामी होते, बाहेरची भिजलेली माती दाबते आणि भिंत आत येते.

मागच्या दाराने येणारे पाणी

समोरच्या दाराला उत्तम फाटक बसवले, तरी पाणी गटारातून, शौचालयातून, विजेच्या केबलच्या नळीतून आणि हवेच्या झरोक्यातून आत येते. समुद्र चढला की गटाराचे पाणी उलटे फिरते. त्यासाठी गटाराच्या नळाला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. केबलच्या नळ्या बंद करतात. भिंतीच्या भेगा भरतात. एक छिद्र राहिले तरी बाकीचा खर्च वाया जातो.

तरीही थोडे पाणी झिरपतेच. तिकडे चांगल्या बंदोबस्ताची कसोटी अशी आहे की २४ तासांत आत ४ इंचांपेक्षा जास्त पाणी साचू नये. हे झिरपलेले पाणी काढण्यासाठी पंप हवा, आणि वादळात वीज जातेच, म्हणून पंपासाठी पुराच्या पातळीच्या वर ठेवलेला जनरेटर हवा.

मायामीची अडचण निराळी आहे. तेथील जमीन सच्छिद्र चुनखडीची आहे. चारही बाजूंनी भिंत घातली तरी पाणी जमिनीतून वर येते. तेव्हा जमीन कशी आहे हे पाहिल्याशिवाय कोणतीही भिंत विकत घेऊ नये.

कायदा आणि विमा

अमेरिकेत केंद्र सरकारचा राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम १९६८ पासून आहे. कॉन्डोमिनियमच्या संघाला पूर्ण इमारतीचा विमा घेता येतो. त्याची कमाल मर्यादा प्रत्येक घरामागे अडीच लाख डॉलर्स, किंवा इमारत पुन्हा बांधण्याचा खर्च, यांतील कमी असेल ती. तळघरातील वस्तूंना मात्र फार थोडे संरक्षण मिळते. विमा घेतल्यानंतर साधारणपणे ३० दिवसांनी तो लागू होतो. वादळ समुद्रात दिसल्यावर धावाधाव करून काही मिळत नाही.

या कार्यक्रमाचे नियम राहत्या घरांसाठी फळ्या-फाटकांवर विसंबत नाहीत. राहता मजला पुराच्या पातळीच्या वर असावा, हाच त्यांचा आग्रह. तळमजल्यावरील दुकाने आणि कचेऱ्या यांना काही भागांत रोधक लावून संरक्षण देता येते. पण जेथे ३ फूट किंवा त्याहून मोठ्या लाटा येण्याचा संभव आहे, त्या किनारपट्टीत असे बंदिस्त संरक्षण नियमाला मान्य नाही. तेथे इमारत खांबांवर असावी आणि खालच्या भिंती लाटेबरोबर सुटून जाव्यात, अशीच रचना सांगितलेली आहे. लाट खालून निघून गेली तर वरची इमारत वाचते. खांबांमधली जागा फळ्यांनी बंद केली तर लाटेचा सगळा मार इमारतीवर येतो. लाटा नसलेल्या भागातही खांबांमधल्या बंद जागेला पाणी आत-बाहेर होण्यासाठी दर चौरस फुटाला १ चौरस इंच या हिशोबाने उघडी छिद्रे ठेवावी लागतात. हजार चौरस फुटांच्या जागेला हजार चौरस इंच.

आणखी एक नियम मालकांना जड जातो. पूरक्षेत्रातल्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या बाजारभावाच्या, जमिनीची किंमत वगळून, ५० टक्के किंवा जास्त झाला, तर ती इमारत आजच्या पूर-नियमांप्रमाणे करून द्यावी लागते. जुन्या इमारतीला हे फार महाग पडते. मालक आधीपासूनच रोधकाचा विचार करतात त्यामागे हेही एक कारण आहे.

पैसा कोणाचा, हात कोणाचे?

सामायिक मालमत्तेचे काम सर्वांच्या पैशाने होते आणि तंटा तेथेच सुरू होतो. दहाव्या मजल्याचा मालक म्हणतो, पाणी माझ्या घरात येत नाही, मी का द्यावे? तळमजल्याचा दुकानदार म्हणतो, इमारत सर्वांची आहे. न्यूयॉर्कच्या अनुभवानंतर दहाव्या मजल्याच्या मालकाचे म्हणणे टिकत नाही. लिफ्ट, नळाचे पाणी आणि वीज बंद पडली की त्याचे घरही बंदच.

पण त्याच्या तक्रारीत एक खरी अडचण आहे. २४ जून २०२१ रोजी मायामीजवळ सर्फसाइड येथे चँप्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली किनारी इमारत कोसळून ९८ माणसे दगावली. त्यानंतर फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा केला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या कॉन्डोमिनियम इमारतींची मजबुती तपासणे आणि मोठ्या दुरुस्तीसाठी निधी साठवणे आता सक्तीचे आहे. अनेक मालक निवृत्त वृद्ध आहेत. त्यांच्यावर या वर्गणीचा बोजा आधीच पडला आहे. त्यात पूर-रोधकाची रक्कम आली की काहींना घर विकण्याची पाळी येते. म्हणून आधी इमारतीची तपासणी आणि मग रोधक, हा क्रम योग्य. खारी हवा सळ्यांना गंज चढवते. गंजलेल्या भिंतीवर फाटक टांगणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे.

दुसरा प्रश्न हातांचा. फ्लोरिडात वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. किनाऱ्यावरील बरेच मालक मात्र हिवाळ्यापुरते तेथे राहतात. म्हणजे फळ्या लावायच्या वेळी मालक गावातच नसतात. फळ्या कोण लावणार, किती तासांत लावणार, हे आधी ठरवून करार करावा लागतो. प्रत्येक फळीवर क्रमांक हवा, बोल्ट आणि पाने त्याच जागी हवेत, रबराच्या पट्ट्या दरवर्षी तपासलेल्या हव्यात. मोसमापूर्वी एकदा सर्व फळ्या लावून पाहिल्या पाहिजेत.

माल वाचवायचा की जीव?

रोधक मालमत्तेसाठी आहे. घर सोडून जाण्याचा हुकूम निघाल्यावर फळीच्या भरवशावर आत थांबणे जिवाशी खेळ आहे. ईयन वादळाने थेट घेतलेल्या ६६ बळींपैकी ४१ बळी समुद्राच्या चढलेल्या पाण्याचे होते. फाटके बंद झाली की बाहेर पडायचा मार्गही बंद होतो. आग लागली तर काय, याचा विचार अग्निशमन खात्याशी बोलून आधीच करावा लागतो. खारे पाणी लागलेल्या विजेवरच्या मोटारींच्या बॅटऱ्या पुढे काही दिवसांनीही पेट घेतात. फ्लोरिडात हे ईयन आणि हेलीन या दोन्ही वादळांनंतर घडले आहे. तेव्हा मोटारी आधीच उंच जागी नेणे बरे.

आपल्यासाठी बोध

आपला किनारा वादळांपासून मुक्त नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यात धडकले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईजवळून गेले. मुंबईत नेहमीचा त्रास मात्र पाऊस आणि भरती एकत्र आल्याचा. भरतीच्या वेळी समुद्र चढला की पावसाच्या गटारांची तोंडे पाण्याखाली जातात आणि शहरातले पाणी बाहेर पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्याची दुकाने, गोदामे आणि कारखाने यांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पाण्याचे वजन फ्लोरिडात आणि मुंबईत सारखेच असते.

म्हणून ज्यांचे दुकान, गोदाम किंवा कारखाना समुद्राजवळच्या इमारतीत खाली आहे, त्यांनी सोसायटीच्या पुढच्या सभेत काही प्रश्न जरूर विचारावेत. मीटर आणि पंप किती उंचीवर आहेत? गटाराच्या नळाला उलट पाणी अडवणारी झडप आहे का? दाराजवळची भिंत कशाची आहे आणि ती इंजिनियरने पाहिली आहे का? फळ्या आल्या तर त्या लावणारी माणसे कोण? सिंकिंग फंडात रक्कम किती आहे? विम्याच्या कागदात पूर हा शब्द आहे का, आणि तळघरातला माल त्यात धरला आहे का?

यांतील बरीच उत्तरे मिळवायला पैसा लागत नाही. मालाची खालची थप्पी जमिनीपासून तीन फूट उंच फळीवर ठेवायला थोडाच लागतो. झडपेला त्याहून जास्त, फाटकाला सर्वांत जास्त. आमच्या मते खर्चही याच क्रमाने करावा. आपल्या फॅब्रिकेशन आणि रबराच्या कारागिरांना या कामात धंदाही आहे. फक्त त्यांनी फळी विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची भिंत ठोकून पाहावी आणि ती भार पेलणार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे.